ओंकार करताना गरगरतं, घसा धरतो. कुठे चुकतंय?

निवांत
आसनं, मग कपालभाती-भस्त्रिका आणि शेवटी ११ ओंकार, असा क्रम आहे. सातव्या-आठव्या ओंकाराला हलकं गरगरतं, घसा कोरडा पडतो. 'ओ' लांबवायचा की 'म', यावर जितके शिक्षक तितकी मतं. आणखी दोन शंका: सूर्यनमस्काराचे मंत्र हालचाल चालू असताना म्हणायचे का? आणि मानसिक जप श्रेष्ठ म्हणतात, मग थेट तिथूनच सुरुवात का नको?

षड्ज
गडबड बहुधा ओंकारात नसून दोन ओंकारांमधल्या श्वासात असते. छातीतली सगळी हवा संपेपर्यंत उच्चार ताणला की पुढचा श्वास तोंडाने, हापापल्यासारखा घेतला जातो. असे मोठे श्वास लागोपाठ झाले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. तुमच्याकडे त्याआधी भस्त्रिका, म्हणजे जोरजोरात भराभर श्वास, आहे; म्हणून कार्बन डायऑक्साइड आधीच उतरलेला. भस्त्रिकेनंतर दोन-तीन मिनिटं नुसतं बसा किंवा मध्ये अनुलोम-विलोम घाला. थोडी हवा शिल्लक असतानाच 'म' सोडा, पुढचा श्वास नाकाने, आवाज न करता घ्या आणि प्रत्येक ओंकारानंतर एक साधा श्वास जाऊ द्या. एवढं करूनही गरगरलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

'ओ' एक भाग, 'म' दोन भाग हे प्रमाण नवख्याला सोपं पडतं. ३ सेकंद 'ओ', ६ सेकंद 'म', बस. उघड्या तोंडाने हवा भराभर खर्च होते, मकारात ती नाकातून बेताने जाते. घसा धरतो तो मोठ्या आवाजात ओढलेल्या 'ओ'मुळे. सूर बोलण्याच्या पट्टीत किंवा किंचित खाली ठेवा. वर्गात सगळ्यांच्या सुरात सूर मिळवायच्या नादात खूप जण पट्टी चढवतात.

तपासायची एक युक्ती. 'ओ' चालू असताना नाकपुड्या चिमटीत धरा: आवाज बदलला तर 'ओ' नाकात जातोय. मग 'म'ला तेच करा: आवाज जवळजवळ लगेच बंद पडला पाहिजे. चालूच राहिला तर ओठ नीट मिटलेले नाहीत. मकारात ओठ हलके मिटलेले, पण दात सुटे. दातावर दात दाबले की जबडा आवळला जातो आणि नंतर कानशिलं दुखतात.

अर्कवेध
सूर्यनमस्काराचा मंत्र प्रणामासनात, उभं असताना म्हणायचा, मग नमस्कार घालायचा. पुढच्या प्रत्येक स्थितीला पूरक (श्वास आत) की रेचक (श्वास बाहेर) ते ठरलेलं आहे; तोंडाने मंत्र चालू असला की पूरकाच्या जागी रेचक होतो आणि भुजंगासनात श्वास अडकतो.

मंत्र १२, बीजं (नावाआधीचे छोटे उच्चार) मात्र सहाच: ह्रां, ह्रीं, ह्रूं, ह्रैं, ह्रौं, ह्रः. सातव्या नावाला पुन्हा 'ह्रां'पासून, म्हणजे 'ॐ ह्रां हिरण्यगर्भाय नमः'. इथेच गाडी घसरते, कारण सहाव्याला 'ह्रः' म्हटल्यावर पुढे काय ते आठवत नाही. 'पूषाय' आणि 'सविताय' हेही सर्रास ऐकू येतं. बरोबर रूपं 'पूष्णे' आणि 'सवित्रे'.

मेरुमणी
मानसिक जप श्रेष्ठ हे खरं, पण नवख्याने तिथूनच सुरुवात केली की पाचव्या मिनिटाला मन भलतीकडे आणि मंत्र आपोआप चालू, किंवा सरळ डुलकी. वाचिकात (मोठ्याने जपात) कानाचा पहारा असतो, उपांशूत (नुसते ओठ हलवून जपात) ओठ-जिभेचा. मानसिकात कुणाचाच नाही. म्हणून एकाच बैठकीत उतरत जावं: पाच मिनिटं ऐकू येईल असा, पाच मिनिटं नुसते ओठ हलवून, मग आत. मन सुटलं की स्वतःवर चरफडायचं नाही, एक पायरी वर येऊन पुन्हा उपांशू.

माळ मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने ओढा, तर्जनी लांब ठेवा. १०८ मणी झाले की मेरू (माळेच्या टोकाचा वेगळा मणी) ओलांडायचा नाही, माळ उलटवायची. हाताला मेरू लागला की मन भटकलं होतं का ते तिथल्या तिथे कळतं. माळ जितकी भरभर फिरते तितका मंत्र अर्धा गिळला जातो. वेग वाढला की संख्या कमी करा. पतंजलींनीही 'तज्जपस्तदर्थभावनम्' म्हणताना अर्थाची भावना जपाला जोडली आहे, आकड्याचं नावही काढलेलं नाही.

षड्ज
वेगाबद्दल सहमत. २००१ सालच्या एका अभ्यासात लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हूं' या दोन्हींनी श्वास मिनिटाला साधारण ६वर आला होता आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता वाढली होती. शब्द वेगळे, चाल जवळपास सारखी. घाईने म्हटलं तर ही चाल मोडते.

निवांत
'सोऽहं' श्वासाला जोडताना श्वास मुद्दाम लांब होतो, ते चालेल?

मेरुमणी
नाही, तिथे उलटं हवं. श्वास आधी, मंत्र मागून: आत येताना 'सो' ऐकायचा, बाहेर जाताना 'हं'. दिवसाला २१,६०० हा अजपाजपाचा (श्वासासोबत आपोआप होणाऱ्या जपाचा) परंपरागत आकडा म्हणजे मिनिटाला १५, अगदी रोजचा श्वास. छाती भरून यायला लागली की तुम्ही श्वास ओढताय. मंत्र सोडा, दहा-बारा श्वास नुसते बघा, मग पुन्हा लावा.