वाहनांवर अग्निशमन उपकर लावावा का?

धागाकर्ता: अग्निशमन हा विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांकडे. महामार्गावर टँकर पेटला की वर्दी जवळच्या छोट्या नगरपरिषदेलाही जाते. जून 2023 मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या पुलावर टँकर पेटला, तेव्हा खालच्या रस्त्यावरची माणसंही गेली. गाड्या विझवायच्या, पत्रा कापून माणसं काढायची, तर खर्चाचा वाटा वाहनांनीही उचलावा. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1999 पासून वाहन नोंदणीसोबत असा उपकर घेतात.

हिशेबी: साफ विरोध. तिथे तो पैसा कायद्यानेच वेगळ्या निधीत जातो. इथे आरटीओचा पैसा राज्याच्या तिजोरीत जाईल, नगरपरिषदेपर्यंत किती झिरपेल? शिवाय आपल्याकडे खासगी गाडीचा कर खरेदीच्या वेळी एकरकमी भरतात. विक्री मंदावली की निधी आटला. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक अधिनियमात इमारतींसाठी अग्निसेवा शुल्काची तरतूद आहेच, आधी ते वसूल करा. दुचाकीवर पोट भरणाऱ्याने टॉवरच्या शिडीचे पैसे का द्यायचे?

होजपाइप: शिडीचे नकोतच. उपकर जवानाच्या अंगावरच्या साहित्यालाच बांधा. बंबाच्या खरेदीला फीत कापायला सगळे येतात, पण बीए सेटच्या, म्हणजे धुरात श्वास घ्यायला पाठीवर बांधायच्या हवेच्या संचाच्या, देखभालीला कोणी वाली नाही. 6.8 लिटरचा सिलिंडर 300 बारला भरला की सुमारे 2,000 लिटर हवा. कागदावर 50 मिनिटं. होज ओढत जिने चढणारा जवान ती अर्ध्या तासात संपवतो. 55 बारच्या आसपास हवा संपत आल्याची शिट्टी वाजली की बाहेर पडायचंच. म्हणून प्रत्येक सेटमागे जादा सिलिंडर हवा, आणि स्टेशनात हवा भरायचा कॉम्प्रेसर. त्याचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर तेलाची वाफ थेट सिलिंडरमध्ये. मास्कची कड चेहऱ्याला नीट बसली नाही, मग कारण नुसती वाढलेली दाढी का असेना, तर हवा बाहेर गळते आणि वेळ आणखी घटतो. अग्निशमन दलांसाठीची केंद्राची 2023 ची 5,000 कोटींची योजना खरेदीला उपयोगी आहे, पण फिल्टर, चाचणी, सुटे भाग हा दरवर्षीचा खर्च आहे.

धागाकर्ता: मग दुचाकी वगळू. व्यावसायिक वाहनांना फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी लागतो. ज्वालाग्राही माल नेणाऱ्या टँकरकडून तिथेच घ्या, पैसा नियमित येईल.

हिशेबी: आणि फिटनेस गुजरातेत करून आलेला टँकर? तो घाटात पेटला तर त्याने इथे एक रुपयाही भरलेला नसेल. त्यापेक्षा टोलच्या करारातच अट घाला: ठरलेल्या अंतरावर बंब, हायड्रॉलिक कटर आणि चाचणीची तारीख न उलटलेले बीए सेट. नसतील तर त्या दिवसाचा टोल बंद.