टॉलरंट पिन: सोसणारी की पेलणारी?

प्रश्न:
डिप्लोमाच्या मुलांसाठी एफपीजीए (आतली जोडणी आपण ठरवू शकतो अशी चिप) बोर्डाला सेन्सर जोडण्याची टिपणं मराठीत लिहितोय. बोर्ड बॅसिस 3, सेन्सर एचसी-एसआर04, अंतर मोजणारा. त्याच्या एको पिनवर 5 व्होल्टचा पल्स येतो. बोर्डावरच्या आर्टिक्स-7 चिपच्या पिना 3.3 व्होल्टच्या. 'या पिना 5 व्होल्ट टॉलरंट नाहीत', म्हणजे त्यांना 5 व्होल्ट चालत नाहीत, हे मराठीत कसं लिहावं? 'सहिष्णू' लिहिलं तर मुलांना काही कळेना. मग 'सोसत नाहीत' केलं. पण पुढे मीच लिहिलं होतं, 'पिन 3.85 व्होल्टपर्यंत सोसते', आणि एकाने नेमके 3.8 व्होल्ट येतील असे रेझिस्टर निवडले. शब्द चुकलाय का?

प्रतिसाद:
मुलगा चुकला नाही, क्रियापद चुकलं. 3.85 हा आकडा 3.3 अधिक 0.55 असा येतो. त्यापलीकडे चिप कायमची बिघडू शकते. रोज काम करायची मर्यादा त्याच्या बरीच अलीकडे, 3.5 व्होल्टवर आहे. इंग्रजी डेटाशीटमध्ये, म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात, यांचे दोन वेगळे तक्ते असतात. मराठीत दोन्हींना तुम्ही 'सोसणे' लावलंत.

सोसण्यात त्रास धरलेलाच असतो. टाकीचे घाव सोसायचे, ऊन सोसायचं. पेलण्यात अंगची ताकद पुरी पडते. कावड पेलते, जबाबदारी पेलते, आणि झेपणार नसेल तर माणूस आधीच म्हणतो, 'हे मला पेलायचं नाही.' टॉलरंट पिनला तो व्होल्टेज दिवसरात्र चालतो, म्हणून तिथे पेलणेच हवं. सोसणे त्या टोकाच्या आकड्यासाठी राखून ठेवा.

दुसरा प्रतिसाद:
'पेलणे'ला माझंही मत. पण रेझिस्टरवरचा 'टॉलरन्स' यात मिसळू देऊ नका. सोनेरी पट्टा म्हणजे 5 टक्के. तिथे कोणी काही पेलत नाही. मी सरळ 'कमीजास्त' म्हणतो: '1 किलोओहम, 5 टक्के कमीजास्त.' एकोला 1 किलोओहम आणि त्याखाली ग्राउंडकडे (शून्य व्होल्टच्या तारेकडे) 2 किलोओहम लावले की पिनवर 3.33 व्होल्ट येतात. दोन्ही रेझिस्टर वाईट बाजूंना सरकले तरी सुमारे 3.44. म्हणजे पेलण्यातच. मुलांकडून हा हिशेब करून घ्याच, नुसता शब्द देऊन भागत नाही.

आणि 'कॉमन ग्राउंड'ला 'सामाईक ग्राउंड' लिहा. सामाईक विहीर, सामाईक भिंत मुलांना ठाऊक असते. सेन्सरला वेगळा सप्लाय दिला असेल तर ग्राउंड सामाईक केल्याशिवाय त्या 3.33 ला काही अर्थच नाही.

प्रश्नकर्ता:
पेलणे पटलं, घेतो. मग याच बोर्डाच्या अॅनालॉग पिनांचं काय? एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग) 0 ते 1 व्होल्टच मोजतो, पण 3.3 व्होल्टने पिन जळत नाही. तिथे 'पेलत नाही' लिहिलं तर खोटं होईल.

पहिलाच प्रतिसाद पुन्हा:
तिथे 'मावणे'. डब्यात न मावलेलं पीठ डबा फोडत नाही, वर राहतं. एडीसीही 1 व्होल्टच्या वरचं सगळं एकाच कमाल आकड्यावर दाखवतो.

प्रश्नकर्ता:
टिपणात आता असं केलंय: 'या पिनांना 3.5 व्होल्ट पेलतात. 3.85 पर्यंत त्या सोसतील, पण सोसायला लावू नका. अॅनालॉगमध्ये 1 व्होल्टच मावतो.' उद्या वर्गात हेच वाचायला देतो.