अ‍ॅडल्ट स्टेम सेल म्हणजे मोठ्या माणसाच्या पेशी का?

लेकीचीआई:
लेक ९ वर्षांची, जन्मतः ओठ आणि टाळू दुभंगलेले, दोन्ही ऑपरेशन्स तान्ही असतानाच झाली. आता हिरडीत जिथे फट आहे तिथे हाडच नाहीये, सर्जन म्हणतात पक्का सुळा यायच्या आत कमरेचं थोडं हाड काढून तिथे भरू. मला तिच्या कमरेला हात लावायचीच धास्ती वाटतेय. अ‍ॅडल्ट स्टेम सेलने (म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात अशा मूळ पेशींनी) मुलांचं हाड परत तयार करतात असं वाचलं, पण अ‍ॅडल्ट म्हणजे माझ्या नाहीतर तिच्या बाबांच्या पेशी घेणार का? स्टेम सेल मिळतात ते नाळेचं रक्त आम्ही साठवलं नव्हतं, मग संपलंच का?

रिकामटेकडा:
ताई, नावावर जाऊ नका. अ‍ॅडल्ट म्हणजे भ्रूणातल्या नव्हेत, बस. तुमच्या लेकीच्या चरबीत आणि हाडाच्या मगजात आहेत त्याही अ‍ॅडल्टच, त्यामुळे नाळेचं सोडा. २००४ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी ७ वर्षांच्या एका मुलीची केस छापली होती, डोक्याला मार लागून कवटीचं बरंच हाड गेलेलं, तिच्याच चरबीतल्या पेशी फायब्रिन ग्लूने (रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनच्या डिंकाने) तिथे बसवल्या आणि ३ महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये नवीन हाड दिसलं. पण गंमत बघा, सोबत कमरेचं हाडही भरलंच होतं, मग श्रेय नक्की कोणाला द्यायचं?

हाडवैरी:
+१. नुसत्या पेशी सोडल्या की हाड होत नाही हो, त्यांना धरून राहायला सांगाडा लागतो, हाड व्हा म्हणून सांगणारं प्रोटीन लागतं आणि मुख्य म्हणजे रक्तपुरवठा, नाहीतर आतल्या पेशी मरतात. अमेरिकेत सिनसिनाटीला २००९ मध्ये गालाची हाडं नसलेल्या एका मुलाला दात्याचं हाड, त्याच्याच चरबीतल्या पेशी, बीएमपी-२ (हेच ते हाड व्हा सांगणारं प्रोटीन) आणि मांडीच्या हाडावरचं आवरण असं सगळं मिळून बसवलं होतं. आता लेकीच्या कमरेकडे या. तिथल्या जाळीदार हाडात सांगाडा, पेशी, प्रोटीन तिन्ही आयतं असतं, म्हणजे तुमचे सर्जन स्टेम सेलच वापरतायत, फक्त तसं म्हणत नाहीत :)

पूर्वाश्रमीचीघाबरट:
आमच्या चिरंजीवांचं हेच झालंय. हिरडीपेक्षा कंबरच दुखली हे खरं, काही दिवस लंगडला, मग विसरला. सुळ्याची वेळ मात्र चुकवू नका, तो त्या नव्या हाडातूनच खाली येतो.

लेकीचीआई:
बापरे, म्हणजे मी ज्याला घाबरत होते तेच शोधत होते! वेळ चुकू नये म्हणून सुळ्याचं मूळ कितपत तयार झालंय ते एक्सरेत बघायला सांगते आता.