अवकाशीय आकलनातील तफावत: उपजत की समजुतीतून आलेली?

मृण्मयी
त्रिमितीय आकृती मनातल्या मनात फिरवून ती दुसरीशी जुळते का, हे ओळखण्याच्या चाचणीत पुरुषांची सरासरी वरचढ येते आणि त्यावरून ‘बायकांना नकाशा कळत नाही’ हे जणू सिद्धच झाले, असे बोलले जाते. मला हे मान्य नाही. मोए आणि पात्साग्लिया या इटालियन संशोधिकांनी २००६ साली ही चाचणी देताना काही स्त्रियांना ‘यात स्त्रियाच सरस असतात’ असे सांगितले, तर काहींना नेमके उलट. पहिल्यांची कामगिरी सुधारली, दुसऱ्यांची खालावली.

अनिरुद्ध
मृण्मयीताई, एका वाक्यावर एवढा डोलारा उभा राहत नाही. २०१८ साली नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून अधिक शालेय विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात अशा समजुतीच्या दडपणाचा मुलींच्या गुणांवर परिणाम आढळला नाही. तिथे विषय गणित होता, पण गृहीतक हेच होते. शिवाय तीन ते पाच महिन्यांच्या बाळांमध्येही ही तफावत नोंदली गेली आहे. त्या वयात समजुती रुजलेल्या नसतात.

मृण्मयी
म्हणूनच मला एका वाक्यापेक्षा वर्षानुवर्षांची जडणघडण मोलाची वाटते. ईशान्य भारतातील खासी आणि कार्बी हे समाज शेजारी, वंशानेही जवळचे. मात्र खासींमध्ये मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते, तर कार्बींमध्ये मुलाकडे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे तेराशे जणांना चार तुकड्यांचे कोडे जुळवायला दिले, तेव्हा कार्बी पुरुष स्त्रियांपेक्षा वेगवान ठरले. खासींमध्ये तसा फरक दिसला नाही.

अनिरुद्ध
हाताने तुकडे जुळवणे म्हणजे मनात आकृती फिरवणे नव्हे. त्या तफावतीचा बराच वाटा शिक्षणातील फरकाचा होता, हेही त्याच संशोधकांनी नोंदवले आहे.

सुलभा
अनिरुद्धजी, मुलीला किती शिकवायचे हे तरी समजुतीच ठरवतात ना? मी प्रथम वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवते. समोरचे आणि वरचे दृश्य देऊन बाजूचे दृश्य काढायला सांगितले, की काही मुली लपलेल्या कडांच्या तुटक रेषा अचूक काढतात आणि शेजारच्या मुलाची शीट पाहून त्या खोडून टाकतात. त्यांना दिसलेले बरोबर असते. त्यावर भरवसा नसतो. कटोरी ब्लाउज बेतणारी बाई सपाट कापडातून अंगाची गोलाई काढते, तरी तिच्या मुलीला कोणी ‘तुला ड्रॉइंग जमेल’ असे म्हणत नाही. पहिले काही तास प्रत्येकाच्या हाती लाकडी ठोकळे द्यावेत आणि घड्याळ लावू नये, असे माझे मत आहे.

अनिरुद्ध
ठोकळ्यांना माझा विरोध नाही. परंतु २१७ अभ्यासांच्या २०१३ मधील एकत्रित विश्लेषणात सरावाने स्त्री-पुरुष जवळपास सारखेच सुधारल्याचे आढळले. गुण वाढतील, अंतर मात्र राहील.

सुलभा
राहू द्या. ड्रॉइंगमध्ये पास व्हायला मुलीला मुलाशी बरोबरी करावी लागत नाही. समोरचा ठोकळा ओळखता आला की पुरे.