दरबारी इतिहासकार सगळेच भाट?
सर्रास म्हटलं जातं की दरबारी इतिहासकार म्हणजे पगारी भाट. चीनमधल्या तांग राजवटीच्या काळातल्या इतिहासकार वू जिंगला तरी त्यातून वगळा. सम्राट ताइझोंग (राज्यकाळ ६२६–६४९) आणि त्याला तोंडावर सुनावणारे वेई झेंगसारखे मंत्री, यांचे संवाद त्यानेच १० खंडांत लावून ठेवले, पुढच्या राजांसाठी. पण खरा किस्सा वेगळाच. वू जिंगच्याच काळातला मंत्री झांग युए एका प्रकरणात आधी खोटी साक्ष द्यायला तयार झाला होता, सहकाऱ्यांनी कान टोचल्यावर फिरला. हे दरबारी इतिहासाच्या नोंदीत आलेलं पाहून तो म्हणाला, ल्यू झिजीने लिहिलेलं दिसतंय. (ल्यू हा वू जिंगचा सहकारी इतिहासकार, तोवर वारला होता. सोयीचंच!) वू जिंगने सरळ सांगितलं, मीच लिहिलंय, मसुदाही शाबूत आहे. मग झांगने खासगीत चार शब्द बदलण्याची गळ घातली. पठ्ठ्याने बदलले नाहीत.