ल्वोव, ल्विव्ह की ल्विव?

पश्चिम युक्रेनमधल्या या शहराचं नाव 'ल्वोव बरोबर की ल्विव्ह' असं कुणीतरी विचारलंय. ल्वोव हे रशियन रूप, आणि रशियन माणूसही बोलताना शेवटी 'फ'च करतो. पोलिश लोकांचं ल्वुफ, ऑस्ट्रियाच्या अमलात (१७७२ ते १९१८) लेम्बर्ग. युक्रेनियन उच्चारात शेवटचा व 'ऊ'कडे झुकतो, जवळपास ल्विऊ. म्हणून तो इंग्रजी स्पेलिंगवरून आलेला 'व्ह' मला तरी खटकतो.

गंमत म्हणजे 'ओ' युक्रेनियनमधूनही पुरता गेलेला नाही. 'ल्विवमध्ये' म्हणायचं तर 'उ ल्वोवी' होतं! युक्रेनमधल्याच खार्किव शहराचंही तसंच, 'उ खार्कोवी'. जुना ओ बंद (म्हणजे व्यंजनानं संपणाऱ्या) अक्षरात तेवढा इ झाला; 'ल्वो-वी'मधलं 'ल्वो' स्वरानं संपतं, म्हणून तिथं ओ टिकला. मी ल्विव लिहितो. 'लविव' मात्र नको, ल अर्धाच हवा.