मदत हवी: १९५९ च्या बीटलला ७७ मिमीचे बोर-पिस्टन बसत नाहीत (फोंडा, गोवा)

नमस्कार मंडळी,

आजोबांची फोक्सवॅगन बीटल आहे, १९५९ ची. तेव्हा गोव्यात पोर्तुगीज होते, भारताने नाकेबंदी केलेली, आणि तांदूळ-कांद्याची मारामार असताना मुरगावच्या धक्क्यावर जर्मन गाड्या मात्र उतरत होत्या. त्यातलीच ही एक. आजोबा गेल्यावर वीसेक वर्षं पडवीत झाकून होती. दोन वर्षांपूर्वी मी ती चालू केली. गावात, म्हार्दोळ-मंगेशीपर्यंत वगैरे नीट चालते.

गेल्या महिन्यात हौसेने बेळगावला निघालो. केरी सोडून चोर्ल्याचा घाट लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला गाडीतला जीवच गेला. मागचं झाकण उघडलं तर आतून भट्टीसारखी धग. तासभर थांबून, उतार बघून घरी आणली. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं: १, २ आणि ४ नंबरच्या सिलिंडरला ९५ पीएसआयच्या आसपास, ३ नंबरला ५५.

इथल्या मेस्त्रींनी सांगितलं, "बोर-पिस्टन गेले, चारही बदला." कागदावर ११९२ सीसी, बोर (सिलिंडरचा व्यास) ७७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६४ मिमी. म्हणून परदेशातल्या एका विक्रेत्याकडून "बीटल १२००, ७७ मिमी" असा सेट मागवला. कस्टमची ड्युटी भरली, खोका घरी आला, आणि शेजारच्या लेथवाल्याने कॅलिपर लावून सांगितलं की हे तुझ्या इंजिनाच्या मापाचे नाहीतच. विक्रेता म्हणतो, माल बरोबर आहे, परत घेणार नाही.

प्रश्न दोन. ७७ मिमीच मागितलं होतं, मग चुकलं कुठे? आणि बरोबर सेट भारतात कुठे मिळेल? चवथीला गाडी बाहेर काढायची आहे, घरात सगळ्यांना सांगून बसलोय.

— पडवीतली बीटल

---

घाटमाथा: पार्ट मागवण्याआधी इंजिन ओळखा, गाडीचं साल नव्हे. ७७ मिमी बोरची बीटलची तीन इंजिनं आहेत: जुनं १२०० (३० पीएस, म्हणजे अश्वशक्ती), ऑगस्ट १९६० पासूनचं १२०० (३४ पीएस) आणि नंतरचं १३००. बोर तिघांचा तोच, पण बॅरल (सिलिंडरच्या नळ्या) एकमेकांना चालत नाहीत. विक्रेते "१२००" म्हणाले की बहुतेक वेळा ३४ पीएसवालं देतात, कारण खपतं तेच.

आता मागचं झाकण उघडा आणि डायनॅमो ज्यावर बसलाय तो स्टँड बघा. क्रँककेसच्याच ओतकामातून वर आलेला असेल तर ३० पीएस. वेगळा, नटांनी बसवलेला असेल तर ३४ पीएस किंवा पुढचं. इंजिन नंबर त्याच्या खालीच ठोकलेला असतो. ३४ पीएसचे नंबर ५० लाखांच्या पुढे सुरू होतात.

पडवीतली बीटल: स्टँड अखंड आहे, एकाच ओतकामातला. नंबर सात आकडी, २ ने सुरू. म्हणजे ३० पीएस. साठ वर्षं घरात गाडी आणि आम्हाला हे ठाऊक नव्हतं.

जुनापुराणा: सेट चुकला ते कळलं. पण बोर-पिस्टनच गेलेत हे कुणी ठरवलं? प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला आणि परत मोजा. आकडा वर गेला तर पिस्टनच्या रिंगा, तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह.

घाटमाथा: काका, ती युक्ती उभ्या सिलिंडरची. हे इंजिन आडवं झोपलेलं आहे, तेल खालच्या अंगाला साचतं आणि वरून हवा निसटतच राहते. आकडा फसवतो.

त्यापेक्षा असं करा. जुना १४ मिमीचा प्लग घ्या, आतलं चिनीमातीचं फोडून काढा, आणि वेल्डरकडून त्यावर ट्यूबचा व्हॉल्व्ह झाळून घ्या. ३ नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर आणा, गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि पंक्चरवाल्याच्या पंपाने हवा द्या. मग कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट, तेल ओतायच्या तोंडातून आली तर रिंगा.

त्याआधी गार इंजिनावर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट तपासा. तुमच्या इंजिनाला ०.१० मिमी. ३ नंबरचा एक्झॉस्ट वारंवार घट्ट होत असेल तर व्हॉल्व्हचा दांडा ताणला जातोय. एक दिवस व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनवर पडेल, मग खरंच सगळं बदलावं लागेल.

आणि ३ नंबरच का? ऑइल कूलर पंख्याच्या हवेच्या वाटेत, बरोब्बर त्याच्या डोक्यावर बसलेला असतो. त्याला कूलरमधून तापून आलेली हवा मिळते. हे या इंजिनांचं जुनं दुखणं आहे. त्यात तुमचे पत्रे तरी जागेवर आहेत का? बॅरलच्या खाली, दोन सिलिंडरच्या मधोमध एक वाकवलेला पत्रा असतो. तो नसला की हवा बॅरलला वळसा न घालता सरळ खाली पडते. कडेचं रबर गेलं असेल तर खालची गरम हवा पंखा पुन्हा वर ओढतो.

म्हापशेकर: थोडं अवांतर, पण पेट्रोलचे पाइप कधी बदललेत? आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्यात भुसभुशीत होतं. तापलेल्या इंजिनावर थेंब पडून बीटल जळाल्याचं नवं नाही. इथेनॉलला टिकणारा पाइप घाला, पैसे बघू नका.

पडवीतली बीटल: रविवारी सगळं केलं. ३ नंबरच्या एक्झॉस्टला ०.१० चं गेज शिरतच नव्हतं. सेट केलं, कॉम्प्रेशन ५५ वरून ६०, बस्स. मग पंक्चरवाल्याला घरी बोलावलं. त्याने हवा सोडली आणि माझ्या आईने, मागे तुळशीपाशी उभी होती ती, विचारलं की नळीतून साप का फुत्कारतोय. सायलेन्सरच!

मग इंजिन खाली उतरवलं. चार नट, दोन माणसं आणि एक जॅक, वाटलं त्याहून सोपं निघालं. पंख्याच्या आवरणात उंदरांचं घरटं, त्यात आजोबांच्या वेळच्या लॉटरीच्या तिकिटाचे तुकडे. खालचा पत्रा एका बाजूचा आहे, ३-४ च्या बाजूचा गायब. कुणी कधी काढला देव जाणे. बोर हाताला गुळगुळीत लागतात, ओरखडा नाही.

हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला भाग) बेळगावला उद्यमबागेत नेतोय, व्हॉल्व्हची सीट आणि गाइड तिथे होतील असं फोनवर सांगितलं. पत्रा शिल्लक बाजूवरून पुठ्ठा कापून, उलटा करून बनवता येईल असं इथला पत्रेवाला म्हणतो, पण कुणाकडे ३० पीएसचा मूळ पत्रा किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पडून असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि ३४ पीएसवाल्या कुणाला बोर-पिस्टनचा कोरा सेट हवा असेल तर माझ्याकडे आहे. खोका फोडलेला आहे, एवढंच.